बापाची नोकरी आणि मुलांची पोटगी

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या मेळाव्यात बोलायचे म्हणजे परीक्षेचे निकाल, अभ्यासाच्या सवयी, मुलींचे शिक्षण असे ठरलेले विषय असतात. मी आज पोटगीवर बोलणार आहे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. हा विषय कोर्टकचेरीचा, वकिलांचा. शिक्षकाचे येथे काय काम, असेही कोणी म्हणेल. परंतु वर्गात हजेरी घेताना या विषयाची गाठ आम्हा शिक्षकांना रोज पडते. एखादा हुशार मुलगा जूनमध्ये वेळेवर येतो, दिवाळीनंतर मध्येमध्ये गैरहजर राहू लागतो आणि जानेवारीत त्याचे नाव पुकारले की वर्गात शांतता असते. चौकशी करावी तर कळते की आईवडील वेगळे झालेले आहेत, मूल आईबरोबर मामूच्या घरी राहते, आणि बापाचे काम सुटल्यापासून दरमहा येणारे पैसे थांबले आहेत. बाप दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा तो शरमेने गप्प असतो. पण त्याच्या गप्प बसण्याची किंमत मूल भरते.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. बापाची कमाई कमी झाली तर पोटगीची रक्कम कमी होऊ शकते. मुलाला पोसण्याची जबाबदारी मात्र कमी होत नाही. आणि रक्कम कमी करून घ्यायची असेल तर ती मागून, सांगून, लेखी करून घ्यावी लागते. पैसे पाठवणे नुसते बंद केले म्हणजे रक्कम कमी होत नाही, ती डोक्यावर साचत जाते.

आपल्या भागापुरते बोलायचे तर नोकरी बदलणे ही येथे नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. रंग, रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने आले. पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, मनोर या गावांतली आपली मुले तेथे कामाला लागली. पण त्यातली किती जण कायम झाली? पुष्कळ जण ठेकेदाराकडे आहेत. ठेका संपला, काम संपले. कधी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आदेशाने कारखान्याला टाळे लागते, कधी मालाला उठाव नसतो, कधी मशीन आले म्हणून माणूस कमी होतो. किनाऱ्यावर बोटीवर काम करणारे, बर्फाच्या आणि सुक्या मासळीच्या धंद्यात असलेले लोक आहेत. पावसाळ्यात सुमारे दोन महिने मासेमारीला बंदी असते, तेव्हा त्यांचा हात आखडतो. काही घरांतले कर्ते पुरुष आखाती देशांत आहेत. तेथे व्हिसा संपला की माणूस पंधरवड्यात घरी येऊन बसतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तर हे आपण सर्वांनीच पाहिले. तेव्हा ज्यांच्या डोक्यावर मुलांची पोटगी आहे, त्यांनी नोकरी जाईल तेव्हा बघू असे म्हणून चालणार नाही. आधीच विचार करून ठेवला पाहिजे.

प्रथम धर्माची बाजू सांगतो, कारण या विषयावर आपल्यात गैरसमज पुष्कळ आहेत. आपल्या शरियतमध्ये मुलांचा नफका, म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा यांचा खर्च, बापावर आहे. नवराबायकोचे नाते तुटले तरी बाप आणि मुलाचे नाते तुटत नाही. कुरआन शरीफच्या सूरह तलाकमध्ये याविषयी जी शिकवण आहे ती आजच्या विषयाला तंतोतंत लागू आहे. ज्याची ऐपत मोठी त्याने त्या ऐपतीप्रमाणे खर्च करावा, आणि ज्याची रोजी आखडलेली आहे त्यानेही, त्याला जे मिळाले आहे त्यातून खर्च करावा, असा तिचा आशय आहे. कोणावरही शक्तीबाहेर ओझे टाकलेले नाही. या शिकवणीचे दोन भाग आपण नीट लक्षात घेतले पाहिजेत. रोजी आखडलेल्या माणसाला सवलत आहे, पण सुटका नाही. थोडे मिळत असेल तर थोड्यातून द्यावे, पण द्यावे.

आता कायदा पाहू. मी कायद्याचा पदवीधर नाही, बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे. तेव्हा मी सांगतो ते समजून घ्यावे आणि प्रत्यक्ष पाऊल टाकण्यापूर्वी वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ हे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. शाहबानो प्रकरणामुळे १९८५ मध्ये ते घरोघरी पोचले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, आणि तेच कलम आता १४४ या क्रमांकाने ओळखले जाते. क्रमांक बदलला, आशय तोच राहिला. ऐपत असून जो बाप आपल्या अल्पवयीन मुलाला सांभाळत नाही, त्याला दरमहा ठराविक रक्कम देण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकते. हा कायदा हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सर्वांना सारखाच आहे.

आपल्या समाजात असा एक समज पसरलेला आहे की १९८६ च्या मुस्लिम महिलांच्या कायद्यानंतर तलाक दिलेल्या बापाला मुलांचा खर्च फक्त दोन वर्षेच द्यावा लागतो. हा समज चुकीचा आहे, आणि तो कसा चुकीचा ठरला हे आपल्या घरातल्या बायकामुलांनाही माहीत असावे. बिहारमधील नूर सबा खातून नावाच्या एका बाईला नवऱ्याने तीन मुलांसह घराबाहेर काढले. मुली सहा आणि तीन वर्षांच्या, मुलगा दीड वर्षाचा. न्यायालयाने बाईला २०० रुपये आणि प्रत्येक मुलाला १५० रुपये महिना ठरवून दिले. पुढे नवऱ्याने तलाक दिला आणि परिस्थिती बदलली आहे, सबब हुकूम बदलावा, असा अर्ज केला. उच्च न्यायालयाने मुलांचा हक्क ती दोन वर्षांची होईपर्यंतच धरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये निकाल लागला. मुले सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःचे पोट भरू लागेपर्यंत, आणि मुलगी असेल तर तिचे लग्न होईपर्यंत, त्यांना सांभाळण्याची जबाबदारी मुसलमान बापावर आहे, आणि १९८६ च्या कायद्याने ती कमी झालेली नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ते दोन वर्षांचे कलम आईसाठी आहे, तिला लहान मूल सांभाळताना मिळणाऱ्या रकमेविषयी आहे. मुलांचा हक्क स्वतंत्र आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हुकूम झाला, रक्कम ठरली, आणि नंतर बापाची नोकरी गेली किंवा पगार कमी झाला, तर काय?

कायद्याने याचा विचार केलेला आहे. पूर्वीचे कलम १२७, आताचे कलम १४६, याचसाठी आहे. पैसे देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या परिस्थितीत बदल झाला, हे पुराव्याने दाखवले तर न्यायालय रक्कम कमी करू शकते, तशीच वाढवूही शकते. दार उघडे आहे. मात्र त्या दारातून जायला अर्ज करावा लागतो. तो अर्ज मंजूर होईपर्यंत जुनाच हुकूम चालू असतो. अर्ज करण्यापूर्वी साचलेली थकबाकी नोकरी गेली एवढ्या कारणाने आपोआप माफ होत नाही.

नोकरी गेली हे कारण न्यायालय कसे तोलते, याची दोन उदाहरणे देतो. पहिले उदाहरण लष्करातल्या एका मुसलमान जवानाचे. लखनौच्या कुटुंब न्यायालयाने त्याच्या बायकोला ४,००० रुपये महिना ठरवून दिले होते. तो नोकरीतून निवृत्त झाला, म्हणून उच्च न्यायालयाने रक्कम २,००० वर आणली. एप्रिल २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा ४,००० केली. निवृत्त झाला एवढ्यावरून रक्कम निम्मी करता येणार नाही, धडधाकट माणसाने मला काम नाही ही सबब पुढे करणे पटण्यासारखे नाही, असे न्यायालयाने सुनावले. हे प्रकरण पत्नीचे होते, पण त्यातला न्याय मुलांना अधिकच लागू पडतो.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले, नागपूरचे. वकील मंडळी त्याला रजनेश विरुद्ध नेहा या नावाने ओळखतात. तेथील कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये आईला १५,००० आणि लहान मुलाला १०,००० रुपये महिना ठरवले. बापाने आपण बेकार असल्याचे सांगितले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. तोवर अडीच वर्षांचा मुलगा साडेसात वर्षांचा झाला होता. टाळेबंदीचे वर्ष होते. शाळेची फी भरली नाही तर शाळा ऑनलाइन वर्गाची लिंक बंद करील, असे आईला न्यायालयापुढे सांगावे लागले. ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल लागला. न्यायालयाने ठरलेली रक्कम कायम केली आणि थकलेले सर्व पैसे बारा आठवड्यांत भरण्याचा हुकूम दिला. मला त्या निकालात त्या मुलाच्या शाळेची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मोठी माणसे पाच वर्षे वाद घालतात, आणि तेवढ्यात मुलाचे बालपण पुढे सरकलेले असते. पहिलीचे वर्ष कोणाच्या तारखेसाठी थांबत नाही.

त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या देशासाठी काही नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचे प्रतिज्ञापत्र दिले पाहिजे. परिस्थिती बदलली तर पुरवणी प्रतिज्ञापत्र देता येते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः बापाने करावा. आई पुरेशी कमावती असेल तर दोघांनी आपापल्या ऐपतीच्या प्रमाणात वाटून घ्यावा. म्हणजे नोकरीतला बदल हा आईच्या बाजूनेही मोजला जातो, हे माझ्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

आता पालक बंधूंनो, ज्यांच्यावर पोटगीची जबाबदारी आहे त्यांच्याशी मी सरळ बोलतो.

नोकरी सुटली की पहिल्याच आठवड्यात मुलांच्या आईला कळवा. तोंडाने बोलणे जमत नसेल तर लिहून कळवा, एखाद्या वडीलधाऱ्या माणसामार्फत कळवा. काम केव्हा सुटले, हिशेब किती मिळणार, पुढच्या महिन्यात किती देता येतील, एवढे तीन मुद्दे पुरेसे आहेत. तिला घर चालवायचे असते. किराणा दुकानदाराला, शाळेला, घरमालकाला तिने काय सांगावे?

त्याच महिन्यात वकिलामार्फत रक्कम बदलण्याचा अर्ज करा. कामावरून कमी केल्याचे पत्र, शेवटच्या महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, बँकेचे पासबुक, ठेकेदाराचे हजेरी कार्ड, दुसरे काम शोधत असल्याचे कागद, सर्व जपून ठेवा. आपल्यातल्या पुष्कळांना कागद टाकून देण्याची सवय आहे. न्यायालयात तोंडाचे शब्द हलके पडतात, कागद जड पडतो. परदेशातून परत आलेल्यांनी पासपोर्टवरील शिक्के आणि नोकरी संपल्याचे पत्र ठेवावे.

अर्ज केला म्हणून पैसे देणे थांबवू नका. जेवढे जमेल तेवढे दरमहा, ठरलेल्या तारखेला, बँकेतूनच पाठवा. हातात दिलेले पैसे भांडणाच्या वेळी कोणाला आठवत नाहीत. हिशेब करून दाखवतो. समजा, एका बापाला दोन मुलांचे मिळून ७,००० रुपये महिना द्यायचे आहेत आणि त्याचे काम सुटले. तो सहा महिने गप्प राहिला तर ४२,००० रुपये साचतात, आणि न्यायाधीशापुढे तो चुकार बाप म्हणून उभा राहतो. दुसऱ्या बापाने पहिल्याच महिन्यात अर्ज केला आणि रोजंदारीतून ३,००० रुपये पाठवत राहिला. सहा महिन्यांत त्याचे १८,००० गेले. न्यायालयाने अर्जाच्या तारखेपासून रक्कम ४,००० केली, तर त्याचे देणे २४,००० झाले आणि बाकी राहिले फक्त ६,०००. न्यायालय रक्कम कमी करीलच अशी खात्री मी देत नाही. पण दोघांची परिस्थिती सारखी असून एकाची वाट बंद झाली आणि एकाची मोकळी राहिली, ती केवळ वागण्यामुळे.

हिशेबाचे पैसे एकदम हातात आले तर त्यातून निदान तीन महिन्यांची पोटगी बाजूला काढा. ज्यांची कमाई हंगामी आहे त्यांनी वर्षाचा हिशेब धरावा. महिना ४,००० म्हणजे वर्षाचे ४८,०००. दहा महिने कमाई असेल तर दरमहा ४,८०० वेगळे काढावे. त्यातले ४,००० पाठवावे आणि ८०० शिल्लक टाकावे. बंदीच्या दोन महिन्यांना ते ८,००० बरोबर पुरतात. हे गणित पाचवीतला मुलगाही करील, पण ते कमाईच्या दिवसांत करावे लागते.

ईदला कपडे घेतले, सायकल घेऊन दिली, म्हणून ते पोटगीत वजा धरू नका. ती बापाची माया आहे, हुकुमाची फेड नाही. शाळेची फी परस्पर भरायची असेल आणि ती रकमेत धरायची असेल तर तसे आधी लेखी ठरवून घ्या.

दुसरे लग्न झाले, नव्या संसाराचा खर्च वाढला, कर्जाचे हप्ते आहेत, अशी कारणे सांगितली जातात. न्यायालय खर्चाचा विचार करते. परंतु हप्ता आधी आणि मूल मागून असा क्रम लावता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की पोटगीच्या थकबाकीचा हक्क कर्ज देणाऱ्या बँकांच्या हक्काच्याही वर आहे.

आणि थकबाकी तशीच राहिली तर? न्यायालय वसुलीचे वॉरंट काढू शकते, आणि पुरेशा कारणाशिवाय न भरलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. तुरुंगात जाऊन आलो म्हणजे देणे फिटले असेही समजू नये. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ठरवलेले आहे. ठेकेदाराकडचे काम तर चार दिवस आत बसला तरी जाते. मग मुलालाही पैसे नाहीत आणि बापालाही काम नाही.

आता माझ्या भगिनींना दोन शब्द. समोरच्याची नोकरी खरोखर गेली असेल तर ते ओळखावे. आडमुठेपणाने कोणाचेच भले होत नाही. थोडे दिवस कमी रक्कम चालेल असे वाटले तर कमी घ्यावी, पण किती आणि केव्हापर्यंत हे लिहून घ्यावे, आणि हुकूम न्यायालयाचा असेल तर वकिलाला विचारूनच. पैसे मिळाले की तारीखवार वहीत नोंद करावी. शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याची बिले, वह्यापुस्तकांचा खर्च जपून ठेवावा. मूल मोठे होते तसा खर्च वाढतो. चौथीची फी आणि दहावीची फी सारखी नसते. बापाला चांगले काम लागले किंवा मुलाचा खर्च वाढला तर रक्कम वाढवण्याचा अर्ज आपल्यालाही करता येतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. आज देईल, उद्या देईल, या आशेवर वर्षे गेली तर त्या कलमाखालचे वॉरंट मिळणे अवघड होते. कज्जासाठी नवऱ्याच्या गावी जावे लागेल अशी भीती बाळगू नये. आई जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. जेथे कुटुंब न्यायालय नाही तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हे काम चालते. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही मार्गदर्शन मिळते. कमी उत्पन्नाच्या पुरुषांनाही ही मदत मिळते, तेव्हा रक्कम कमी करण्याचा अर्ज करायला पैसे नाहीत, हीही सबब राहत नाही.

आणखी एक विनंती. पैसे दिले नाहीत म्हणून मुलाला बापाची भेट नाकारू नये, आणि भेट मिळत नाही म्हणून बापाने पैसे अडवू नयेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एकीचा सूड दुसरीवर काढला की दोन्हीकडून तोटा मुलाचाच.

जमातीच्या बुजुर्ग मंडळींनाही मी नम्रपणे काही सांगू इच्छितो. आपल्याकडे पुष्कळ तंटे कोर्टात न जाता चार वडीलधाऱ्या माणसांत मिटतात. ही चांगली चाल आहे. परंतु खुला घेताना बाईकडून मुलांच्या खर्चाचा हक्क सोडल्याचे लिहून घेतले जाते, ते थांबले पाहिजे. स्वतःचे मेहेर सोडायचे की नाही हे ती ठरवील. मुलाचा नफका तिच्या मालकीचा नाही, तो मुलाचा आहे. जे आपले नाही ते सोडणार कसे? तडजोड करताना त्या कागदात चार गोष्टी अवश्य घालाव्यात: दरमहाची रक्कम, ती देण्याची तारीख व बँक खाते, दरवर्षी होणारी वाढ, आणि काम सुटल्यास किती दिवसांत कळवायचे व तोपर्यंत निदान किती द्यायचे. आणि शक्य असेल तेथे ती तडजोड न्यायालयापुढे नोंदवून घ्यावी. स्टँप पेपर कपाटात राहतो, हुकुमाची अंमलबजावणी होते.

आपल्या शाळांनाही येथे काम आहे. घरातली परिस्थिती बदलली की पालकांनी वर्गशिक्षकाला विश्वासात घ्यावे. फीसाठी मुदत, पुस्तकपेढीतली पुस्तके, शिष्यवृत्तीचे अर्ज, यातले काही ना काही करता येते. पण शिक्षकाला कळलेच नाही तर तो मुलाला आळशी समजतो आणि बाकावर उभे करतो. आम्ही शिक्षकांनीही गैरहजेरीची चौकशी दंडाआधी करावी.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी परिस्थिती असेल तर एवढे ध्यानात घ्या. तुमच्या खर्चाचे पैसे ही कोणाची मेहेरबानी नाही, तो तुमचा हक्क आहे. म्हणून मान खाली घालण्याचे कारण नाही. अब्बांचे काम गेले तर त्यांचा तिरस्कार करू नका, आणि निरोप्या होऊन एकाचे कडू बोल दुसऱ्यापर्यंत नेऊ नका. तो व्यवहार मोठ्यांनी आपापसात करायचा आहे. तुमचे काम शाळेत येण्याचे आहे. आणि उद्या तुम्ही स्वतः कमावते व्हाल, तुमच्याही नोकऱ्या बदलतील, तेव्हा आज ऐकलेले आठवा.

बंधू-भगिनींनो, नोकरी देणारा मालक बदलतो, ठेकेदार बदलतो, कारखान्याची पाटीसुद्धा बदलते. मुलाच्या दाखल्यावर बापाचे नाव तेच राहते. त्या नावाखाली दरमहा जे काही जमेल ते वेळेवर, उघडपणे आणि लेखी पोचत राहिले, तर ते मूल वर्गातल्या आपल्या जागेवर बसलेले दिसेल. येथे बसलेल्या प्रत्येकाच्या ओळखीत असे एखादे घर असेल. त्या घरी आज ऐकलेल्यातली एक तरी गोष्ट आपण जाऊन सांगावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.